एअर फ्लो सेन्सर साफ केल्यावर गाडी झटके मारते तेव्हा

ॲव्हरेज घसरलं, पिकअप मंदावला किंवा नुसता एखादा व्हिडिओ पाहिला की हल्ली बरेच जण घरच्या घरी एअर फ्लो सेन्सर साफ करायला घेतात. काम सोपं दिसतं. एक कपलर, दोन स्क्रू आणि स्प्रेचा एक डबा. तासाभरात सगळं परत जोडून होतं आणि मग गाडी सुरू केली की आयडलिंग वर-खाली होऊ लागतं, रेस दिली की इंजिन क्षणभर गुदमरतं, सिग्नलला थांबलं की बंदच पडतं, वर चेक इंजिनचा दिवा लागतो. पुढचं ठरलेलंच असतं. ‘सेन्सर गेला’ म्हणून निकाल लागतो आणि काही हजारांचा नवा सेन्सर मागवला जातो. तो बसवूनही झटके तसेच राहिले, की मग कॉइल, प्लग, फ्युएल पंप असं एकेक करत पाकीट हलकं होत जातं. हा निकाल घाईचा आहे असं माझं म्हणणं आहे. सफाईनंतर लगेच सुरू झालेल्या बिघाडात सेन्सर हा शेवटचा संशयित धरावा. पहिला संशय सेन्सरपर्यंत पोचताना जे जे हलवलं, ओढलं, उघडलं त्याच्यावर घ्यावा आणि दुसरा ईसीएमच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या, आठवणीवर. हा क्रम का, हे समजलं तर तपासणीला खर्च फारसा येत नाही.

आधी सेन्सर करतो काय ते पाहू. एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामधल्या नळीत तो बसलेला असतो. आत प्लॅटिनमची बारीक तार किंवा पातळ फिल्म असते. ती आजूबाजूच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवली जाते. हवा वाहिली की ती थंड होते आणि तेवढीच गरम राहण्यासाठी किती वीज द्यावी लागली, त्यावरून आत गेलेल्या हवेचं वजन कळतं. आकारमान नव्हे, वजन. महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब कोकणपट्टीपेक्षा पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. तिथे तेवढ्याच लिटर हवेचं वजन कमी भरतं, सेन्सर कमी आकडा दाखवतो आणि पेट्रोल आपोआप कमी सुटतं. ईसीएम या आकड्यावरून साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असं प्रमाण धरतो. सगळी व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे : इंजिनात गेलेली प्रत्येक ग्रॅम हवा या तारेवरूनच गेली पाहिजे. सेन्सरच्या पुढे कुठूनही चोरवाटेने हवा शिरली तर ती मोजलीच जात नाही, पेट्रोल कमी पडतं आणि मिश्रण पातळ होतं. गाडी मिसिंग मारते, अडखळते, बंद पडते. आणि सेन्सर काढताना आपण जे हाताळतो, ते नेमकं या चोरवाटांच्या शेजारचं असतं.

म्हणून बोनेट उघडून सफाईच्या उलट क्रमाने जावं. इंजिन बंद, किल्ली काढलेली. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा पाहा. मागच्या बाजूची, हात कसाबसा पोचणारी क्लिप अर्धवट अडकलेली असते, झाकण एका कोपऱ्यात वर राहिलेलं असतं. तिथून घुसणारी हवा सेन्सरच्या आधीची असल्याने मोजली जाते, पण न गाळलेली असते. गाडी कदाचित अडखळणार नाही, पण नुकत्याच साफ केलेल्या तारेवर पुन्हा धूळ बसेल. खरी काळजी पुढच्या नळीची. थ्रॉटलकडे जाणारी ती घड्याघड्यांची रबरी नळी बोनेटखालच्या उष्णतेत वर्षानुवर्षं कडक झालेली असते. तिच्या घडीच्या खाचेत, खालच्या बाजूला, केसाएवढी चीर असते. नळी जागेवर असताना ती मिटलेली दिसते, दोन्ही हातांनी वाकवली की तोंड उघडते. सफाईच्या वेळी नळी ओढल्याने ही चीर वाढते. त्यामुळे नुसतं पाहू नका, वाकवून पाहा, आणि मोबाईलचा टॉर्च खालून मारा. क्लॅम्प घट्ट आहे म्हणजे नळी बसलीच असंही नाही. नळीची कड थ्रॉटलच्या ओठावर पूर्ण चढली नसेल तर क्लॅम्प हवेतच आवळला जातो. याच नळीला टॅपेट कव्हरकडून येणारा बोटाएवढा ब्रीदर पाइप जोडलेला असतो. तो परत लावायचा राहून जाणं ही या कामातली फार नेहमीची चूक आहे, कारण तो खाली सरकला की नजरेआड होतो.

मग सेन्सरकडे या. त्याच्या बुडाशी ओ-रिंग असते. बसवताना ती पिळली किंवा कापली गेली तर बाजूने हवा शिरते. सेन्सर उलटा तर बसलेला नाही ना, तेही पाहावं. बहुतेक सेन्सरांवर किंवा त्यांच्या नळीवर हवेच्या दिशेचा बाण असतो, आणि सगळ्याच गाड्यांत स्क्रूची भोकं अशी नसतात की उलटा बसूच नये. शेवटी कपलर. तो ‘टक्’ असा वाजून बसला पाहिजे आणि मागून हलकं ओढल्यावर सुटता कामा नये. आत डोकावून एखादी पिन मागे सरकली आहे का ते बघा. कडक झालेल्या कपलरला पकडीने ओढलं की नेमकं हेच होतं. अनेक गाड्यांत आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सरही याच कपलरमध्ये असतो. त्यामुळे स्कॅनरवर हवेचं तापमान उणे ४० अंश दिसलं, तर महाराष्ट्रात तरी ते कपलर किंवा वायर तुटल्याचंच लक्षण समजायला हरकत नाही. एवढी पाहणी पंधरा-वीस मिनिटांत होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतोच. तिथे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो, आणि दाब, तापमान, आरपीएम यांवरून ईसीएम हवेचा हिशेब करतो. अशा गाडीत गळतीचा परिणाम वेगळा दिसतो. बाहेरची हवा शिरली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीएम त्या वाढीव हवेपुरतं पेट्रोलही देतो, म्हणून गाडी गुदमरण्याऐवजी आयडलच चढून बसतं. एमएपीच्या बारीक भोकात स्प्रेची धार मारली असेल, तर आतला नाजूक पडदा बिघडू शकतो हेही खरं. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे माहीत नसताना दुसऱ्या गाडीचा सल्ला लागू करू नये. पुढचं विवेचन मुख्यतः एअर फ्लो सेन्सर असलेल्या पेट्रोल गाडीचं आहे.

आता पहिला आक्षेप. सगळं नीट बसवलं, गळती नाही, तरी गाडी वेगळी चालते, मग दोष सेन्सरचाच ना? इथे ईसीएमची आठवण लक्षात घ्यावी लागते. धुळीने माखलेली तार हवेपासून झाकली जाते आणि सहसा खऱ्यापेक्षा कमी हवा दाखवते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ असल्याचं कळवत राहतो, ईसीएम पेट्रोल वाढवत राहतो, आणि ती वाढ कायमची म्हणून लिहून ठेवतो. हाच लाँग टर्म फ्युएल ट्रिम. समजा महिनोन्‌महिने तो अधिक १५ टक्क्यांवर होता. तुम्ही सेन्सर साफ केला, तो खरं बोलू लागला, पण ईसीएम जुन्या सवयीने पंधरा टक्के जास्त पेट्रोल सोडतोय. गाडी थोडी जड वाटते, धुराला पेट्रोलचा वास येतो. थ्रॉटल बॉडीही सोबत पुसली असेल तर आणखी एक गोष्ट होते. झडपेच्या कडेला जमलेल्या काजळीमुळे आयडलला झडप जरा जास्त उघडी ठेवायची, हे ईसीएमने शिकून घेतलेलं असतं. काजळी गेली, सवय राहिली, म्हणून आयडल हजार-दीड हजारावर चढतं. अनेक गाड्यांत त्यासाठी स्कॅनरने थ्रॉटल पुन्हा शिकवावं लागतं, काहींत ठरावीक वेळ आयडलवर चालू ठेवून भागतं. गाडीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये तिची नेमकी रीत कळते.

पण ‘चालवा, शिकेल आपोआप’ हा सल्लाही सरसकट स्वीकारू नये. गॅरेजमध्ये तो फार उदारपणे दिला जातो. इंजिन गरम झाल्यावर ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने शॉर्ट टर्म ट्रिम काही सेकंदांत उणे १५ पर्यंत जाऊन जुनी चूक खोडून काढू शकतो. म्हणजे जुन्या आठवणीचा त्रास थंड इंजिन सुरू करताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर जास्त जाणवेल, आणि दिवस-दोन दिवसांच्या वापरात ओसरत जाईल. गरम इंजिन सिग्नलला बंद पडणं, सरळ रस्त्यावर सपकन झटका बसणं, त्रास दिवसेंदिवस वाढणं, यांपैकी काहीही आठवणीच्या खात्यावर टाकता येत नाही. बॅटरीची तार काढून ठेवली की बऱ्याच गाड्यांत ही आठवण पुसली जाते, हे बरोबर. पण त्याबरोबर काचांची सेटिंग, म्युझिक सिस्टिमचा कोड आणि आयडलची शिकवणही जाते, शिवाय फॉल्ट कोडसोबत साठवलेली त्या क्षणाची नोंदही जाते, जी निदानाला सगळ्यांत मोलाची असते. त्यामुळे आधी स्कॅनर लावून वाचा, लिहून ठेवा, मगच पुसा. आणि चेक इंजिनचा दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल, तर कसलंच शिकवणं नको. तो मिसफायरचा इशारा असतो. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो, आणि त्याच्यापुढे सेन्सरची किंमत काहीच नाही.

स्कॅनर म्हणजे गॅरेजचं मोठं यंत्रच हवं असं नाही. भारतात एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ आहे; स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारं ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाईलवरचं ॲप एवढ्यावर ट्रिम आणि हवेचा आकडा दिसतो. इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा, आणि दोन्ही ट्रिमची बेरीज आधी आयडलला, मग गाडी उभी असतानाच २५०० आरपीएमला वाचा. उणे-अधिक दहाच्या आत असेल तर मिश्रणाची बाजू ठीक आहे. झटक्याचं कारण प्लग, कॉइल किंवा सफाईच्या जोडीला इंजिनावर मारलेल्या पाण्यात शोधा. आयडलला अधिक वीस आणि २५०० ला अधिक पाच असं दिसलं, तर थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डच्या बाजूला गळती आहे. हिशेब सरळ आहे : दीड लिटरचं इंजिन आयडलला सेकंदाला दोन ते चार ग्रॅम हवा ओढतं, त्यात अर्धा ग्रॅम चोरीची शिरली तर फरक मोठा पडतो, तोच अर्धा ग्रॅम दहा ग्रॅममध्ये जाणवत नाही. बेरीज उणे पंधरा-वीस असेल आणि दोन दिवसांतही वर येत नसेल, तर सेन्सर जास्त हवा दाखवतोय. तिथे सेन्सर कसा बसवला आहे ते पुन्हा पाहावं.

अवघड जागा पुढे आहे, आणि बहुतेक सल्ले तिथेच फसतात. ‘गळती असेल तर ट्रिम फक्त आयडलला चढतो, सगळीकडे चढला तर सेन्सर खराब’ असा सोपा नियम सांगितला जातो. तो थ्रॉटलच्या पलीकडच्या गळतीला लागू पडतो, कारण तिथला व्हॅक्युम आयडलला जोरदार असतो आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की संपतो. सफाईच्या वेळी हलवलेली मोठी रबरी नळी मात्र थ्रॉटलच्या अलीकडे असते. तिथे ओढ फार कमी, आणि ती हवेच्या प्रवाहाबरोबर वाढत जाते. म्हणून तिथल्या चिरेतून शिरणारी हवाही प्रवाहाच्या साधारण प्रमाणातच वाढते आणि ट्रिम आयडल, २५०० आरपीएम, चढ अशा सगळ्या ठिकाणी चढलेला दिसतो. त्यात गाडी ओढ घेताना इंजिन माउंटिंगवर कलतं, नळी ताणली जाते, चीर उघडते, आणि नेमकं घाट चढताना गाडी झटका मारते. कमी हवा दाखवणाऱ्या खराब सेन्सरचं चित्रही हुबेहूब असंच असतं. म्हणजे सर्वत्र चढलेला ट्रिम पाहून सेन्सर बदलणारा माणूस नियमाप्रमाणे वागूनही चुकतो. हा गुंता आकड्यांनी सुटत नाही. नळी काढून, उजेडात वाकवून पाहावी, किंवा गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्यावी : हवेच्या वाटेत धूर भरतात, जिथून बाहेर येईल तिथे गळती. काही जण चालू इंजिनच्या पाइपांवर कार्ब क्लीनर मारून आरपीएम बदलतो का बघतात. ते ज्वलनशील आहे, गरम सायलेन्सरवर पडलं तर आग लागते. पाण्याचा हलका फवारा बऱ्यापैकी तेच काम करतो, फक्त कॉइलपासून दूर ठेवावा.

दुसरा आक्षेप फॉल्ट कोडचा. ‘पी०१०१ आलाय, म्हणजे एअर फ्लो सेन्सर.’ कोड सुटा भाग सांगत नाही, तक्रार सांगतो. पी०१०१ चा अर्थ इतकाच की थ्रॉटल आणि आरपीएम पाहता हवेचा आकडा जुळत नाही. तो न जुळण्याचं कारण फाटकी नळीही असू शकते. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, त्यातही गळती आधी तपासावी. पी०१०२ मध्ये सिग्नल फार कमी येतो, तेव्हा कपलर, पिन, वायर, फ्यूज हे पहिले. तिसरा आक्षेप हाताने केलेल्या प्रयोगाचा असतो : कपलर काढून चालवली तर गाडी सुधारली, मग सेन्सर मेलाच. कपलर काढला की ईसीएम हवेचा आकडा सोडून थ्रॉटल आणि आरपीएमवरून अंदाजाने पेट्रोल देतो. अंदाज थोडा सढळ असेल तर चिरेतून शिरलेल्या हवेला ते पेट्रोल पुरून उरतं आणि गळती असलेली गाडीही छान चालते. या प्रयोगातून सेन्सरचा आकडा खऱ्या हवेशी जुळत नाही एवढंच कळतं. चूक आकड्याची की हवेची, हे कळत नाही. डिझेल गाडीत तर तो आणखी फसवा, कारण तिथे हा सेन्सर मुख्यतः ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवण्याच्या, हिशेबासाठी असतो. कपलर काढला की पुष्कळ गाड्यांत ईजीआर बंद होतो आणि गाडी मोकळी वाटू लागते.

तरीही सेन्सर कधी मरतच नाही असं नाही. सफाईनेच तो मारला जाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. कानात घालायची कापसाची काडी, टूथब्रश, कंप्रेसरची हवा यांनी तार तुटते किंवा फिल्म सुटते. कार्ब क्लीनर आणि ब्रेक क्लीनर प्लॅस्टिकला व गोंदाला खातात, काहींचा थर मागे राहतो. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे तर तारेवर तेलाचा लेप देतो, ज्यावर धूळ चिकटून बसते. सिलिकॉन असलेला स्प्रे आणखी वाईट, त्याची वाफ जळून पुढचा ऑक्सिजन सेन्सरही निकामी करते. बरोबर द्रव म्हणजे एअर फ्लो सेन्सरसाठीचाच क्लीनर : काही अंतरावरून थोडी-थोडी फवारणी, हात न लावता, मग पूर्ण वाळेपर्यंत थांबणं, आणि त्यानंतरच कपलर. चुकीचा द्रव वापरला गेला असेल, तर नवा सेन्सर घेण्याआधी एकदा योग्य क्लीनरने पुन्हा धुऊन पाहावं. थर असेल तर निघतो, तार तुटली असेल तर काही बिघडत नाही. आणि ज्या गाडीचे ट्रिम ठीक आहेत, ॲव्हरेज ठीक आहे, तिचा सेन्सर केवळ ‘मेंटेनन्स’ म्हणून काढूच नये. एअर फिल्टर वेळेवर बदलणं आणि तेल लावलेल्या कापडी फिल्टरला मापातच तेल देणं, एवढ्याने त्याची बहुतेक काळजी घेतली जाते.

सगळी गळती शोधून झाली, कपलर ठीक, पुन्हा धुऊन झालं, तरी शंका उरली तर सेन्सरची थेट परीक्षा घेता येते. चार स्ट्रोकच्या इंजिनात सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा भरतो, म्हणून दीड लिटरचं इंजिन ४००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा ओढू शकतं. लिटरला १.२ ग्रॅम धरले तर ६० ग्रॅम. टर्बो नसलेलं इंजिन यातला ८०-९० टक्के भाग भरतं, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ५० च्या आसपास आकडा दिसायला हवा. रिकाम्या, सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये हे पाहता येतं, मात्र मोबाईल शेजारच्याच्या हातात हवा. नळी धडधाकट, फिल्टर स्वच्छ आणि आकडा ३५ च्या पुढे जात नसेल, तर सेन्सर बदलायला हरकत नाही. बदलताना चेसिस नंबर देऊन कंपनीचा किंवा मूळ पुरवठादाराचाच घ्यावा. डुप्लिकेट सेन्सर बसतो सगळीकडे, पण त्याचं मोजमाप त्या गाडीच्या ईसीएमशी जुळेलच असं नाही. विकत घेताना परत करण्याची सोय विचारून ठेवा, जुना सेन्सर लगेच टाकू नका, आणि नवा बसवल्यावर त्याच दोन आरपीएमचे ट्रिम पुन्हा वाचा. बेरीज दहाच्या आत आली नाही, तर जुना परत बसवून नळी पुन्हा उजेडात न्या.